रस्सा त्यांचा, भाकर आपली

रांगेत उभं राहणं माझ्या रक्तात नाही. बँकेत पुढे दोन माणसं दिसली तरी माझं डोकं फिरतं. पण गेल्या उन्हाळ्यात मोताळ्याच्या बाजारात पातोडीच्या रश्श्यासाठी मी भर उन्हात ताटकळत उभी राहिले. तोंड चालू होतं, पण पाय हलवला नाही. आईसाठी.

त्या टिनाच्या शेडला पाटी नाही, तरी सगळा तालुका ओळखतो. बेसनाच्या वड्या, त्यावर लाल तर्रीचा रस्सा, बस. भाकर तिथे मिळत नाही. ती ज्याची त्याने घरून आणायची, फडक्यात बांधून. म्हणून रांगेतल्या प्रत्येकाच्या काखेत एक गाठोडं असतं, आणि रिकाम्या हाताने आलेला माणूस नवखा आहे हे लांबूनच कळतं.

बाबा दर बाजाराला तिथे जेवतात. घरी आले की पायही धुवायच्या आधी कौतुक सुरू. "काय चव हाये बाप्पा!" आईच्या स्वयंपाकाला मात्र या माणसाने उभ्या जन्मात "बरा झाला" म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं. ताट रिकामं झालं म्हणजे आवडलं, असा त्यांचा हिशेब. मीठ कमी पडलं की तेवढं तोंड उघडायचं. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा. आई गप्प ऐकायची आणि बाजाराच्या दिवशी त्यांच्या फडक्यात दोन भाकरी जास्तच बांधायची. "त्या रश्श्यापुढं भूक वाढते त्यायची," म्हणायची.

मी बुलढाण्याहून माहेरी गेले होते, तेव्हा ती म्हणाली, "मले एकदा खाऊनच पाहू दे. माह्या रश्श्यात काय कमी पडते, ते तं समजू दे." हसत म्हणाली, पण हसू ओठांवरच होतं. साठी उलटलेली बाई, हॉटेलात बसून कधी जेवलेली नाही, आणि पहिल्यांदा निघाली ती आपण हरलो याची खात्री करून घ्यायला. मला फार वाईट वाटलं.

पहाटे उठून तिने कळण्याच्या भाकरी थापल्या. ज्वारीत उडीद घालून दळलेलं ते पीठ, त्याला हातच लागतो. आम्ही दोघीही येतोय म्हटल्यावर बाबा चपापले. "तुमी कायले? लय रांग असते. ऊन लागंल." जीपमध्ये बसेपर्यंत त्यांचं हेच. बायकोला बरोबर न्यायची लाज वाटते की काय यांना, असं वाटून मी वाटभर त्यांच्याशी बोलले नाही.

रांगेत बाबा पुढे, आम्ही दोघी मागे. त्यांच्या पुढचा टोपीवाला वळला आणि त्याची नजर सरळ गाठोड्यावर गेली. "या भाऊ! कळण्याचीच हाये ना?" बाबा उगाच खोकले. तेवढ्यात आमच्या मागून भाजीवाल्या बाईंचा आवाज आला, "आज पह्यला तुकडा मले हो! मांगच्या बाजाराले मी राह्यली." आणि आतून खुद्द हॉटेलवाला, हातात पळी घेऊन, "भाऊ, माही अर्धी बाजूले ठेवजा!"

आई माझ्याकडे बघायला लागली. मी बाबांकडे. बाबा आभाळाकडे.

टोपीवाल्याला आई कोण ते काय माहीत! तो तिलाच सांगायला लागला, "बाई, तुमी नव्या दिसता. रस्सा कुठंबी भेटते, पण या भाऊच्या घरची भाकर खाऊन पाहा. हे सांगतच असतात, आमच्या घरच्यासारखी भाकर अख्ख्या जिल्ह्यात होत नाही."

"असं म्हणतात हे?"

"दर बाजाराले!"

रांग पुढे सरकली. आई नाही सरकली. मागचे ओरडायला लागले तरी ती बाबांसमोर जाऊन उभीच. "काऊन हो? साऱ्या बाजाराले सांगतलं. मलेच काऊन नाही?"

बाबा चपलेच्या अंगठ्याकडे बघत म्हणाले, "तुले काय सांगाचं? तुले तं माहीतच असंन."

"मले कसं माहीत असंन? कोनी सांगतलं?"

"बरं... चांगली असते."

"जोरानं बोला. मांगच्या लोकाइले ऐकू नाही गेलं."

बाबांचे कान लाल झाले. पण बोलले, आणि असे बोलले की शेजारच्या चहाच्या गाड्यावरची माणसंही वळली. "तुह्या हातासारखी भाकर कोनाची नाही! झालं?" रांग खो खो हसली, कुणीतरी शिट्टी मारली. मी हसता हसता रडत होते.

बाकड्यावर बसलो. रस्सा आला. खोटं कशाला बोलू, रस्सा फक्कडच होता. गाठोडं सुटलं, तुकडे हातोहात गेले. घरी आई सगळ्यांच्या शेवटी बसते आणि उरलेली खाते, कडेला करपलेली, नाहीतर तव्यावर मोडलेली. इथे हॉटेलवाल्याने स्वतः गाठोड्यातली सगळ्यात चांगली, कुठे न करपलेली, अख्खी भाकर निवडली आणि तिच्या पुढ्यात ठेवली. आईने रश्श्याची वाटी बाजूला सारली. तुकडा मोडला आणि कोरडाच तोंडात घातला.

"काय व," बाबा हळूच म्हणाले, "रस्सा नाही घेत?"

"थांबा हो जरा," आई म्हणाली. "मले पाहू द्या, कशी लागते ते."