पान किती वेळ ओलं होतं

माझं काम लोकांना समजावताना मीच वैतागतो. रात्री झाडाची पानं दवानं किती तास ओली राहिली, याचा अंदाज मी हवामानाच्या आकड्यांवरून काढतो, तेही सोलापुरात ऑफिसात बसून. "मग सकाळी पानाला हात लावून बघायचं की!" हे मला प्रत्येक जण ऐकवतो. हात लावून दव कळतं, पण ते संध्याकाळी बसलं की पहाटे, हे कळत नाही. आणि द्राक्षावरच्या डावणी रोगाचं सगळं गणित त्यावरच असतं.

माझ्या धाकट्या बहिणीची वळसंगजवळ द्राक्षबाग आहे. तिनं हौसेनं बागेत हवामानाचं यंत्र बसवलं. खांबावर तापमान, आर्द्रता आणि वारा मोजणारी उपकरणं, आणि वेलीच्या उंचीवर पानासारखी एक पट्टी. पट्टी बराच वेळ ओली राहिली की फोनवर निरोप येतो, फवारणी करा.

त्या दिवाळीत बाग फुलोऱ्यात होती. लक्ष्मीपूजनापासून रोज निरोप येत होता. तिनं एकदा फवारलंही. पुन्हा मारा झाला तर फुलं गळणार. न करावा आणि डावणी यावी, तर घडच जाणार. भाऊबीजेला तिच्याकडे निघण्याआधी मी तिच्या यंत्राचे आकडे उघडले. लक्ष्मीपूजनानंतरच्या दोन्ही रात्री कोरडा वारा, आर्द्रता कमी. दव बसायला काही कारणच नव्हतं, तरी पट्टी ओली.

मी आधी बागेत गेलो आणि कपाळावर हात मारला. लक्ष्मीपूजनाला ट्रॅक्टर, फवारणीचा ब्लोअर, मोटर यांच्याबरोबर या यंत्राचीही पूजा झाली होती. हार अडकवायला बाईसाहेबांना नेमकी ती पट्टीच सापडली. झेंडूचा गच्च हार, आणि तो सुकू नये म्हणून सकाळ-संध्याकाळ वर पाण्याचा शिपका.

"नव्या यंत्राची पूजा करायची न्हाय व्हय?" ती उलट माझ्यावरच तडकली. "आन् ती पट्टी कशाची, मला कुणी सांगितलंय?"

हार काढला. पण गेल्या दोन रात्री पानं खरंच कोरडी होती का, हे सांगायला माझ्या अंदाजाशिवाय काहीच नव्हतं.

ओवाळून झाल्यावर तिनं ताट पुढं धरलं. दरवर्षीसारखी चेष्टा केली नाही.

"दादा, खरं सांग. आज फवारू का नको? वरीसभराचं कष्ट हाय ह्यात."

"नको," मी म्हणालो. आणि पाकीट ताटात ठेवलं. ऑफिसात चुकलो तर आकडा दुरुस्त करता येतो. इथं बाग जाणार होती, आणि तीही तिची. मला सरळ भीती वाटत होती.

पुढं रोज मी तिच्याकडून पानांचे फोटो मागवले. डावणीचा, तेलाच्या डागासारखा पिवळा ठिपका कुठं दिसतो का, ते मोठं करकरून बघायचो. ताटातलं जेवण गार व्हायचं आणि बायकोची बोलणी खायची.

मग एका दुपारी आलेला फोटो पानाचा नव्हता. मोहरीएवढे हिरवे मणी धरलेला घड होता. मी लगेच फोन लावला.

"दादा," ती म्हणाली, "ह्या वर्साची ओवाळणी आज पोचली बघ."