पडद्यावरची रेघ

अर्धांगवायूनंतर आईचा उजवा हात लुळा पडला. वसईच्या दवाखान्यात बायोफीडबॅकसाठी, म्हणजे स्नायूची धडपड पडद्यावर दिसावी म्हणून, त्या हाताला यंत्राच्या तारा चिकटवायचे. हात हलायचा नाही, पण ती मनातल्या मनात वाडीतला मोगरा खुडायला लागली की स्नायू जागा व्हायचा आणि पडद्यावरची रेघ वर चढायची. रेघ बघून आई लाजून हसायची.

विमा कंपनीने क्लेम नाकारला. म्हणे, पेशंट अ‍ॅडमिट नव्हता. चालत्याबोलत्या बाईला उगाच खाटेवर निजवायला हवं होतं का? पदरचं आम्हाला किती दिवस झेपणार? उपचार थांबले.

आता दुपारी आई बंद टीव्हीसमोर बसते. हात मांडीवर ठेवून काळ्या काचेकडे बघत राहते आणि विचारते, "चढली का रे?"

मी म्हणतो, "चढली."