तोंडाआधीचे जीव

पुतळेमामांना कुणाचंही खाणं बघवायचं नाही. समोरचा माणूस घास चघळू लागला, की हे ताट सरकवून उठायचे. लग्नानंतर लवकरच बायकोने हे ओळखलं, थोडं रडून घेतलं, आणि तेव्हापासून दोघं एकमेकांकडे पाठ करून जेवू लागले. "आमचे हे तोंड बघत नाहीत," ती शेजारणींना सांगायची, "पण पाठही सोडत नाहीत."

म्हणूनच की काय, मामांनी निम्मं आयुष्य कपड्यांच्या दुकानांतले पुतळे घडवण्यात काढलं. पुतळ्याला घसा नसतो, आतडी नसतात, आणि ओठ मिटलेले असतात. पुढे दुकानदार प्लॅस्टिकचे आयते पुतळे मागवू लागले, कारखान्याला टाळं लागलं आणि मामा संग्रहालयाच्या तळघरात नमुने बनवायच्या कामावर रुजू झाले.

तिथे पृथ्वीवरच्या अगदी पहिल्या प्राण्यांचं नवं दालन उघडायचं होतं. त्याचं सगळं ठरवणाऱ्या जीवाश्मांच्या तज्ज्ञ बाईंनी मामांपुढे चित्रं पसरली. चपटे, शिरा उमटलेले, लिबलिबीत गोळे.

"शी! बाई, हे प्राणी आहेत की कुणी खाकरून टाकलेला कफ?"

बाईंना हसू आवरेना. "मामा, यांना तोंडच नाही हो."

"मग खातात कशाने?"

"समुद्राच्या तळावर जीवाणूंचा बुळबुळीत थर असायचा. त्यावर पसरून राहायचं आणि पोटाकडच्या कातडीने शोषून घ्यायचं. श्वाससुद्धा कातडीतूनच. तेव्हा पाण्यात प्राणवायू जेमतेम होता. अंग जाड असतं तर आतपर्यंत तो पोचलाच नसता. म्हणून हे असे पोतेऱ्यासारखे चपटे, असं आम्हाला वाटतं."

मामांनी नाक मुरडतच काम हातात घेतलं. ओलसर चकाकी आणायला अंगावर राळेचा थर द्यावा लागे. तो बोटांना चिकटला की अंगावर काटा यायचा आणि ते साबणाने हात खसाखसा घासत बसायचे. पण चार-पाच नमुने झाल्यावर त्यांचा हात रुळला. न चावणारा, न गिळणारा, ढेकर न देणारा प्राणी! असा पाहुणा घरी आला असता तर मामांनी त्याला महिनाभर ठेवून घेतलं असतं.

पुढचा नमुना मात्र शिकारी प्राण्याचा होता. डोक्याखाली गोल तोंड, तोंडात आतल्या बाजूला वळलेल्या दातांची चकती, आणि भक्ष्य तोंडात कोंबायला पुढे दोन काटेरी सोंडा.

"हा कुठून उपटला?"

"खूप नंतर. प्राणवायू वाढल्यावर," बाई म्हणाल्या. "पळायचं, पकडायचं, पकडलेलं पचवायचं, हे सगळं हवेच्या जोरावर चालतं. कमी प्राणवायूत ती चैन परवडत नाही. तो वाढला आणि एकमेकांना खाणं बोकाळलं, असं आमच्यातल्या बऱ्याच जणांचं म्हणणं. काही म्हणतात, उलट प्राण्यांनीच पाणी ढवळून तळापर्यंत प्राणवायू पोचवला. भांडण अजून मिटलेलं नाही."

"म्हणजे जरा बरी हवा मिळाली," मामा म्हणाले, "आणि पहिलं काम काय केलं, तर शेजाऱ्याचा लचका तोडला. थू!"

एवढ्यावर भागलं असतं. पण संचालक तळघरात आले. हातात समोसा, मिशीला चुरा. चावता चावताच त्यांनी नमुना न्याहाळला.

"झकास! पण हा नुसता बसून काय करणार? मोटर बसवा. तोंड उघडू दे, मिटू दे. आत वळवळणारी अळी ठेवा. आणि लाळ गळू द्या, लाळ! लोकांना किळस आली पाहिजे."

मामांची नजर त्या मिशीवर खिळली होती. "येईल, साहेब," ते एवढंच बोलले.

त्यांनी आयुष्यातला सगळा तिटकारा त्या तोंडात ओतला. रबराच्या हिरड्या केल्या, ग्लिसरिनची लाळ केली. मोटर सुरू झाली की मचक, मचक असा आवाज यायचा. पहिल्यांदा तो ऐकला आणि मामा बेसिनकडे पळाले.

उद्घाटनाला ही गर्दी लोटली. पोरं किंचाळली, बायांनी पदर नाकाला लावले, आणि सगळे पुन्हा रांगेत उभे राहिले. बिनतोंड्या चपट्यांपुढे कुणी थांबेना. संचालकांनी मामांना मिठी मारली. त्यांच्या तोंडाला मटणाचा वास येत होता.

मामांनी ते सोसलं. पण दालन तळघराच्या नेमकं वर होतं. सकाळी दारं उघडली की डोक्यावर चघळणं सुरू, ते संध्याकाळपर्यंत. कानात बोळे घालून पाहिले, तरी हाडांतून ऐकू यायचं. डबा तसाच परत जाऊ लागला, गाल बसले. शेवटी ते संचालकांकडे गेले.

"साहेब, निदान आवाज तरी बंद करा."

"वेडे का तुम्ही? त्या आवाजासाठीच तर लोक येतात!"

बाईंनीही मामांची बाजू घेतली. "तो प्राणी लाळ गाळत होता याला काडीचाही पुरावा नाही," त्या म्हणाल्या. संचालकांनी त्यांना चहा पाजला, बशीतून फुरके मारत स्वतःही प्यायला, आणि विषय तिथेच संपवला.

मामांनी नोकरी सोडली. बायको म्हणाली, "बरं केलंत. असे झुरत राहिला असतात तर त्या प्राण्याने तुम्हालाच खाल्लं असतं." तिच्या भावाचा कवळ्या बनवायचा धंदा होता. मामांचा हात त्याला ठाऊक होता, त्याने लगेच बोलावून घेतलं. सगळ्यांना वाटलं, तोंडांना विटलेला हा माणूस दातांच्या कामात कसला टिकतोय?

मामा टिकले. कवळीमागे घसा नसतो, ती कोरडी ठक्क असते आणि डबीत गप्प पडून राहते. त्यांच्या कवळ्या म्हाताऱ्यांना इतक्या चपखल बसायच्या, की लोक लांबून यायचे. त्यांची अट एकच होती. कवळी बसवून बघताना गिऱ्हाइकाने बाहेरच्या खोलीत जायचं, आणि सुपारी फोडून दाखवायची असेल तर रस्त्यावर.