गाडा कुणाच्या शिवेवर

मी भूममध्ये मेडिकल चालवतो. ताप आला की लोक आधी लिंबू उतरवतात, मग माझ्याकडून गोळ्या नेतात आणि गुण येतो तो लिंबाला! तेव्हा असल्या गोष्टींवर माझा किती विश्वास असेल, ते ओळखा. तरी लिहितोय... कारण घरात आम्ही तिघंही यावर बोलायचं टाळतो.

गेल्या उन्हाळ्यात मुलगी मुक्ता पुण्याहून सुट्टीला आली आणि हॉस्टेलवर शिकलेला एक खेळ तिनं आमच्या गळ्यात मारला. एकानं गोष्ट रचायची, बाकीच्यांनी त्यातली माणसं व्हायचं. काय करायचं ते त्यांनी ठरवायचं, जमलं की नाही ते फाशांनी. गोष्ट माझ्याकडे आली. बायको वैशाली झाली वैदू, मुक्ता झाली बैलगाडी हाकणारी एक पोरगी. राक्षस, जादू सगळं होतं. शेवटी मी त्या पोरीच्याच गावात साथ आणली. ताप नाही, पुरळ नाही. माणूस स्वतःच्याच दारात उभं राहून विचारतं, हे घर कुणाचं? आणि तिसऱ्या दिवशी मरतं. हे मी कुठं वाचलं नव्हतं, आंघोळ करताना सुचलं.

वैशालीची सगळी औषधं वाया गेली. मग तिला तिच्या आजोळची जुनी चाल आठवली. पूर्वी पटकी, म्हणजे कॉलरा, आली की साथीच्या देवीचा, मरीआईचा गाडा ओढत गावच्या शिवेवर सोडायचे आणि मागं न बघता परतायचे. पुढचं गाव तो आपल्या पुढच्या शिवेवर ढकलायचं. साथ गाड्याबरोबर जायची. फासा चांगला पडला, गाव वाचलं, आम्ही टाळ्या पिटल्या. मुक्तानं सहज विचारलं, पुढचं गाव कोणतं? मला नाव सुचेना. बहीण सुरेखा बेंबळीला दिलेली, तेच तोंडात आलं.

दुसऱ्या दिवशी, सोमवारी, सुरेखाचा फोन आला.

"दादा, आत्याबाई रानातून आल्या अन् दारातच उभ्या राहिल्यात. हे घर कुणाचं म्हणून इचारायल्यात."

आत्याबाई म्हणजे तिच्या सासूबाई, आम्ही त्यांना मावशी म्हणतो. आमची आई गेल्यावर सुरेखाची दोन्ही बाळंतपणं त्यांनीच केली. मी म्हणालो, सोडियम कमी झालं असेल, धाराशिवला न्या. नेलं. सोडियम बरोबर, साखर बरोबर, मेंदूचा स्कॅनही स्वच्छ. मंगळवारी त्यांनी अन्नपाणी सोडलं. बुधवार म्हणजे तिसरा दिवस!

मंगळवारी दुपारीच दुकानाचं शटर ओढलं आणि लाज गुंडाळून ठेवून दोघींना खेळायला बसवलं. गाडा परत आणायचा होता. पण ठेवायचा कुठं? खेळासाठी मी वहीत काढलेल्या नकाशात प्रत्येक शिवेपलीकडे कुणाचं तरी गाव होतं. वैशाली म्हणाली, एखादा ओसाड माळ काढा की, गोष्ट तुमचीच आहे. मी पेन्सिल उचलली, पण हात धजेना. तो माळ तरी कुणाचा असेल, कुणास ठाऊक!

मुक्तानं नकाशा आपल्याकडे ओढला.

"बाबा, मी गाडा माझ्याच गावात आणते," ती म्हणाली. "चावडीपुढं उभा करून चाकं काढून टाकते."

फासा टाकायची गरजच उरली नाही. साथ आता त्या गावातून हलणार नव्हती. मी वहीतलं तिच्या गावचं एकेक घर, त्यातल्या नावांसकट, खोडत गेलो. तिचं सगळ्यात शेवटी.

बुधवारी मावशी उठून बसल्या आणि भाकरी मागितली. रविवारी आम्ही भेटायला गेलो. खेळाबद्दल आम्ही कुणालाच, अगदी सुरेखालाही, सांगितलेलं नव्हतं. मावशींनी मला जवळ बसवलं.

"एक पोरगी आलती. गाडा घिऊन गेली. म्या लई हाका मारल्या, पर मागं बघितलं न्हाय तिनं. तिच्या गावात समदं बरं हाय का रं, बाबा?"

गिऱ्हाइकांना धीर देण्यात माझी हयात गेली, पण त्या दिवशी तो मुक्तानं दिला. म्हणाली, हो आजी, बरं आहे. आणि बाहेर जाऊन खूप रडली.

डॉक्टरांना निदान सापडलं नाही, मलाही आजतागायत कारण कळलेलं नाही. मावशी ठणठणीत आहेत, त्याचा आनंदच आहे. पण मी पेन्सिलीनं खोडली ती नुसती नावंच होती ना, एवढं तरी कुणी मला खात्रीनं सांगा.