तांदळात लिहिलेलं नाव

"आजी, लग्नात तुझं नाव बदललं ते तू चालवून कसं घेतलंस?" नात विचारते. चालवून कसलं, मी मिरवलं! माहेरचं नाव पणजीचं, जुनाट. कॉलेजात हजेरी सुरू झाली की मी खाली मान घालून बसायची. सासरी ताटात तांदूळ पसरून यांनी अंगठीनं नवं नाव लिहिलं, दोनच अक्षरांचं, सिनेमातल्यासारखं. वाटलं, सुटले! माहेरी सगळ्यांना बजावून आले, जुन्या नावानं हाक मारलीत तर ओ देणार नाही. एवढी शहाणी मी.

आईनं मात्र ऐकलं नाही. ती होती तोवर ते नाव होतं. ती गेल्यावर कळलं, आता ते कोणाच्याच तोंडात नाही. हे मला 'अगं' म्हणतात, बाकी सगळ्यांची मी काकू. आणि नको म्हटलेलं तेच नाव कोणीतरी एकदा घ्यावं असं वाटायला लागलं. पण सांगणार कोणत्या तोंडानं?

मग मुलगा कॉम्प्युटरच्या नोकरीवर अमेरिकेला गेला, आणि कोथरूडच्या फ्लॅटमधल्या त्याच्या खोलीत वर्षभरासाठी एक जपानी इंजिनिअर राहायला आला. इथल्या सॉफ्टवेअर कंपनीत होता. नाव माकोतो. मराठी शिकायचा भारी नाद. आमटीलाही 'छान' म्हणायचा आणि कारल्यालाही.

एका रविवारी तांदूळ निवडता निवडता विचारलं, "काय रे, तुझ्या नावाचा अर्थ काय?"

माकोतो म्हणजे खरेपणा, तो म्हणाला. शब्द फार जुना. 'मा' म्हणजे खरं, 'कोतो' म्हणजे गोष्ट, बोलणंसुद्धा. तिकडे हे नाव पुष्कळांचं असतं, पण ते कोणत्या चित्राक्षरानं लिहायचं हे ज्या त्या घरानं ठरवायचं. याच्या आजोबांनी निवडलेल्या अक्षरात डावीकडे 'बोलणं' आणि उजवीकडे 'घडणं'. बोललेलं घडावं म्हणून.

"दाखव बघू." मी ताट पुढे सरकवलं. त्यानं बोटानं अर्धं ताट भरून ते अक्षर काढलं. "आता तुम्ही, काकू."

आणि माझ्या बोटानं माहेरचं नाव लिहिलं.

"आजोबांनी दिलं?"

"आत्यानं ठेवलं. पणजीचं."

त्यानं ते सावकाश, मोठ्यानं वाचलं. आईनंतर पहिल्यांदा. मी पदर डोळ्यांना लावला. कांदा तर अजून चिरायचाच होता.

पेपरामागून हे म्हणाले, "तांदूळ कुकरला लावायचेत, की शाळा भरवायची आहे?"

मी ताट हलवलं. दोन्ही नावं एकात एक मिसळली. त्या भातालाही तो 'छान'च म्हणाला.

वर्ष संपलं, तो गेला. जानेवारीत पोस्टमन आला तेव्हा हे दारात होते. कार्डावर पत्ता इंग्रजीत, नाव मात्र वाकड्यातिकड्या मराठी अक्षरांत. यांनी चष्मा वरखाली केला आणि कार्ड परत दिलं. "अहो, या नावाचं इथे कोणी राहत नाही."

पोस्टमन जिना उतरायला लागला. मी कणकेच्या हातांनी तशीच धावले. "थांबा! राहते! इथेच राहते!"

कार्ड घेऊन यांच्या हातात ठेवलं. "अगं, हो की. तुझंच."

"माझंच. आता जरा मोठ्यानं वाचा."

यांनी वाचलं. औषधाच्या बाटलीवरचं वाचतात तसं, पण वाचलं.

मी ओ दिली.