परक्या बाईची घागर

जगातला निम्मा जुना माल माझ्या भाईंदरच्या वन बीएचकेत आहे. उरलेला निम्मा बायको आणू देत नाही. जागा करायला मी घरातलीच एक तांब्याची घागर भंगारात दिली, कारण तिच्यावर कुणा परक्या बाईचं नाव कोरलेलं होतं. मावशीला फोनवर ‘परक्या बाईची घागर भंगारात दिली’ एवढंच सांगितलं, तर ती किंचाळली, "मेल्या, लग्नात नाव बदललं त्याआधी तेच तुझ्या आईचं नाव होतं!"

काशीमीऱ्याच्या पन्नास हजार ट्रकांमधून रिक्षा काढत भंगारवाल्याचं गोदाम गाठलं. घागर चेपायला हातोडा वर गेला होता. मी घागरीवर आडवाच पडलो.

भंगारवाला ओरडला, "अरे, किसका नाम है इसपे?"

आई जाऊन अकरा वर्षं झाली. ते नाव मी पहिल्यांदाच मोठ्याने वाचलं.