विल्पेना: खिंडीच्या अलीकडे

घरून, मॉसन लेक्सहून, सकाळी साडेपाचला निघालो. पाणी आठ लिटर, थालीपिठं बारा, श्रीकांतच्या गोळ्या दोन ठिकाणी. यादी माझी, शेवटची ओळ मात्र त्याने वाकड्यातिकड्या अक्षरात घातलेली: 'सेंट मेरी शिखर.' माझा नवरा पुण्यात असताना दर रविवारी गडावर असायचा. पार्किन्सनचं निदान होऊन तीन वर्षं झाली. हे शिखर आता नाही तर कधीच नाही, हे दोघांना माहीत होतं. बोललो नव्हतो.

पाच तासांनी फ्लिंडर्सचे डोंगर दिसले. आभाळ खाली आलेलं. फोटोत लाल दिसणारे कडे राखेच्या रंगाचे. हॉकर गावात क्वाँडाँगचं (इथलं आंबट रानफळ) टार्ट खाल्लं. श्रीकांतचं अर्धं शर्टावर सांडलं. त्याने ते पुसू दिलं नाही.

विल्पेनाच्या माहिती केंद्रात सायकली मिळतात, विमानाची फेरीही असते.

"वीस मिनिटांत सगळा पाउंड (डोंगरांनी वेढलेला खोलगट भाग) बसल्या बसल्या दिसेल," काउंटरवरची बाई म्हणाली.

"बसून तर मी घरीही असतो," श्रीकांत मला मराठीत म्हणाला.

दुसऱ्या दिवशी उजाडताच वाटेला लागलो. सुरुवातीलाच पाटी होती. मी वाचून दाखवली: शिखर इथल्या मूळ रहिवाशांना, अद्न्यामथन्हा लोकांना, पवित्र आहे, कृपया खिंडीच्या पुढे चढू नये.

"वर गेल्यावर बघू," तो म्हणाला.

सपाटीवर बरा चालला. माश्या मात्र डोळ्यांत शिरत होत्या आणि तोंडावरची जाळी मी एकच आणली होती. इतकी वर्षं याद्या करून ही चूक. जाळी त्याला घातली. त्याचे हात माश्या वारायला वेळेवर उठत नाहीत.

दगडांची चढण लागली तिथे त्याचा उजवा पाय जागीच थिजला. वरून काठ्या टेकत एक म्हातारी उतरत होती.

"खिंड अर्ध्या तासावर आहे, मेट. नो वरीज."

तिला थँक्यू म्हणून तो खाली बसला.

"त्या पाटीवर काय होतं गं?"

"शिखर पवित्र आहे. वर जाऊ नका."

"मग कशाला जायचं? देवाच्या डोक्यावर पाय दिल्यासारखं होईल ते."

पाटी खिंडीच्या पुढच्या वाटेबद्दल होती. खिंड अजून अर्धा तास दूर होती.

"बरोबर आहे तुझं," मी म्हटलं.

गडाच्या पहिल्या पायरीला लावायचा तसा त्याने दगडाला हात लावला आणि कपाळाला नेला. उतरायला दुप्पट वेळ लागला. खालच्या नोंदवहीत कुठपर्यंत गेलो ते लिहायचं होतं.

"लिही, मान राखून परतलो."

रकाना लहान होता. मी फक्त 'परतलो' लिहिलं.

शिखरावरून काय दिसतं, ते मला सांगता येणार नाही. सपाटीची वाट चांगली आहे, पाणी जास्त न्यावं, एवढं सांगते. माझ्या प्रत्येक यादीखाली 'पुढच्या वेळी' असं एक सदर असतं. घरी येऊन बूट झटकले, वही उघडली आणि तिथेच थांबले.

"काय लिहितेस?" सोफ्यावरून श्रीकांतने विचारलं.

"माश्यांची जाळी."

"किती?"

मी पेनाचं टोपण शोधत राहिले.

"दोन लिही," तो म्हणाला.

मी दोन लिहिलं.